औंधचे चित्रसंग्रहालय आणि तीस सेकंदांची चित्रफीत



औंधच्या डोंगरावर, यमाईच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय उभे आहे. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभारले. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे तेथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे पाषाणशिल्प आहे, आणि ज्यांनी हे सारे जमवले त्या बाळासाहेबांच्या स्वतःच्या कुंचल्यातून उतरलेली चित्रेही आहेत. लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांना शोभावा असा ऐवज सातारा जिल्ह्यातील दुष्काळी खटाव तालुक्यातल्या एका गावात आहे, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. गावकऱ्यांना आता त्याची सवय झाली आहे. सवय झाली की माणूस पाहणे विसरतो, ही गोष्ट निराळी.

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे ज्याला सर्रास एआय म्हटले जाते त्या तंत्राने तयार केलेली चित्रे आणि ती विकण्यासाठी मोबाईलवर फिरवल्या जाणाऱ्या छोट्या चित्रफिती, अर्थात रील, यांचा औंधशी संबंध काय? संबंध आहे आणि तो बराच जुना आहे. चित्र कोणी काढले, त्याच्या प्रती कशा निघाल्या, त्या घराघरांत कशा पोहोचल्या आणि त्यातून कोणाचे पोट भरले, हे चार प्रश्न या परिसरात शंभर वर्षांपूर्वीच विचारले गेले होते.

आधी रविवर्म्यांची गोष्ट पाहू. राजेरजवाड्यांच्या महालांत टांगलेली देवदेवतांची चित्रे सामान्य माणसाच्या घरी जावीत, या हेतूने त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणून दगडी शिळांवरून रंगीत छपाई सुरू केली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची जी रूपे आज आपल्या डोळ्यांसमोर येतात, ती बव्हंशी या छापखान्याने घडवली. धोतर-उपरण्यातल्या गृहस्थापासून गिरणी कामगारापर्यंत सर्वांच्या भिंतीवर एकच लक्ष्मी आली. त्या काळीही काही जाणकारांनी नाके मुरडली. यंत्रातून निघालेल्या चित्रात प्राण कसला, असे ते म्हणत. लोकांनी मात्र त्या चित्रांना चौकट केली, हार घातला, उदबत्ती ओवाळली.

परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. चित्रे घरोघरी गेली, छापखाना मात्र तोट्यात आणि कर्जात रुतला. अखेर रविवर्म्यांना तो जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पुढे त्याच चित्रांवर साबणाच्या आणि इतर मालाच्या जाहिराती छापल्या गेल्या, दिनदर्शिका निघाल्या, आणि पैसा मिळाला तो छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. प्रत स्वस्त झाली की मूल्य चित्रातून निघून वितरणात जाते. हा धडा १९०० सालचा आहे आणि आज मोबाईलवर चित्रे विकायला निघालेल्या तरुणाने तो सर्वप्रथम गिरवला पाहिजे.

दुसरी कथा अगदी घरची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही, हे तेथे लक्षात आले आणि चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेबांनीच त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. १९१० साली तेथे जी वसाहत उभी राहिली ती आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत तेव्हाच्या शेतकऱ्यांत होती. नांगर उत्तम असूनही पहिल्या काळात तो खपेना. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे छोटे नियतकालिक निघाले, ते मुळात या मालाची आणि कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. जाहिरातीचे ते पत्रक पुढे मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. जाहिरात म्हणजे लबाडीच, असे समजणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. नांगर खरोखर चांगला होता आणि जाहिरातीत जे लिहिले होते तेच नांगर करत होता.

आणि तिसरे स्वतः बाळासाहेब. हा राजा चित्रे काढी, कीर्तन करी, पहाटे उठून सूर्यनमस्कार घाली आणि प्रजेलाही घालायला लावी. १९१६ साली त्यांचे 'चित्ररामायण' छापून प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तिला त्यांनी एक लाख रुपयांचे साह्य देऊ केले, आणि त्या आवृत्तीसाठी चित्रेही स्वतः काढली. सूर्यनमस्काराचा प्रसार करताना पुस्तक, तक्ता, छायाचित्र यांपैकी कशाचाही त्यांनी विटाळ मानला नाही. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्कारांचे प्रात्यक्षिक दाखवणारी एक जुनी मूक चित्रफीतही आज पाहायला मिळते. ती पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. तिच्यात जे दाखवले आहे ते करणाऱ्याच्या अंगात मुरलेले आहे.

या तीन कथा मनात ठेवून आजच्या प्रश्नाकडे वळू.

एआय चित्र कसे तयार करते, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी भाबडे कौतुक आणि भाबडी भीती अशा दोन्ही गोष्टी पसरल्या आहेत. यंत्राला महाजालावरून गोळा केलेली असंख्य चित्रे, त्यांच्याखालच्या मजकुरासह दाखवली जातात. २०२२ साली जगभर खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे साधन ज्या संग्रहातील चित्रांवर शिकले, त्या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांची नोंद होती. चित्रावर ठिपक्यांची धूळ टाकत टाकत ते दिसेनासे करायचे आणि ती धूळ पायरीपायरीने कशी पुसायची हे यंत्राला शिकवायचे, असा तो अभ्यास आहे. हा अभ्यास झाला की नुसत्या धुळीपासून आरंभ करून, आपण लिहिलेल्या वर्णनाच्या आधाराने, यंत्र पूर्वी कधी नसलेले चित्र पुसून काढते. यात विचार नाही, भक्ती नाही, द्वेषही नाही. जे फार वेळा पाहिले तेच फार वेळा काढायचे, एवढाच त्याचा स्वभाव.

या स्वभावाचा फटका आपल्याला बसतो तो असा. यंत्राला दाखवलेल्या वर्णनांत इंग्रजीचे प्राबल्य होते. त्यामुळे नऊवारी लुगडे सांगितले तरी ते पाचवारीसारखे, नाहीतर भलत्याच प्रांतातल्या घागऱ्यासारखे नेसवले जाते. देवनागरी अक्षरे पुष्कळदा विद्रूप होतात. मावळ्याच्या डोक्यावर राजस्थानी साफा येतो. गडाला युरोपातल्या किल्ल्याचे मनोरे फुटतात. यमाईच्या हातांत कोणती आयुधे आहेत, हे ज्याने औंधला येऊन दर्शन घेतले आहे त्याला ठाऊक असते. यंत्र आपल्या मनाने काहीतरी ठेवून देते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या समकालीन चित्रांचा अभ्यास करून एकेक अलंकार, एकेक शस्त्र ठरवणारे चित्रकार महाराष्ट्रात झाले. त्यांनी वर्षानुवर्षे घेतलेले कष्ट आणि दहा सेकंदांत निघालेले, चित्रपटातल्या नटासारखे दंड फुगवलेले महाराज मोबाईलच्या पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहतात आणि मुलांना दोन्ही सारखेच खरे वाटतात. ही चिंता कलेपुरती मर्यादित नाही.

आता चित्रफितीकडे येऊ. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्या देशात रील सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच केली. उभा पडदा, काही सेकंदांचा मजकूर आणि अंगठ्याच्या एका हालचालीत दुसरा विषय, असे हे माध्यम आहे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पाहणारा थांबला तर थांबला.

थोड्या वेळात काही सांगणे म्हणजे उथळपणा, असे मानण्याचे कारण नाही. पूर्वीच्या औंध संस्थानातच जन्मलेल्या आणि औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक गीत याप्रमाणे ५६ गीतांत रामकथा सांगितली. एका आठवड्याला एकच प्रसंग, आणि महाराष्ट्र रेडिओभोवती बसून राही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीने गात कथा सांगतात. चित्र, आवाज आणि कथन हीच सामग्री आजच्या रीलमध्ये असते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यामागे ही परंपरा टिकवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची तपश्चर्या होती.

समजा, याच परिसरातला एखादा पदवीधर तरुण आहे. नोकरी नाही, शेती पावसावर, हातात मोबाईल आहे. त्याने ऐकले आहे की एआयने चित्रे काढून त्यांच्या रील टाकल्या की परदेशातूनही गिऱ्हाईक मिळते. त्याने काय करावे? त्याला हिणवून उपयोग नाही. त्याच्यासमोर हिशेब मांडला पाहिजे.

पहिला हिशेब प्रेक्षकसंख्येचा. नुसत्या शॉर्ट्सच्या बळावर यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळवायचा तर एक हजार सदस्य आणि नव्वद दिवसांत एक कोटी दर्शने लागतात. यंत्राने घाऊक काढलेल्या, एकसारख्या चित्रफितींना असा वाटा मिळू नये यासाठी जुलै २०२५ मध्ये त्या कंपनीने आपल्या नियमाची भाषा अधिक स्पष्ट केली. तेव्हा दिवसाला वीस चित्रे टाकली की पैसा आला, ही समजूत चुकीची आहे.

दुसरा हिशेब मालाचा. मोबाईलवर झळाळणारे चित्र कागदावर उतरवायचे तर चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. यंत्राने दिलेले चित्र बहुधा हजारभर ठिपके रुंदीचे असते. म्हणजे ते नीट छापले जाईल ते जेमतेम साडेतीन इंच. साध्या ए-फोर कागदालाच २४८० गुणिले ३५०८ ठिपके लागतात. यंत्राकडून ते मोठे करून घेता येते, पण मोठे करताना बोटे, डोळे, दागिने यांतले दोष उघडे पडतात. ते हाताने दुरुस्त करायला चित्रकला यावी लागते. येथे गाडे पुन्हा चित्रकलेपाशीच येऊन थांबते, हे गमतीचे आहे. शिवाय जे चित्र कोणालाही फुकट काढता येते त्याचे पैसे कोणी का द्यावेत? गिऱ्हाईक पैसे देते ते निवडीचे, उत्तम कागदाचे, चौकटीचे, वेळेवर पोहोचवण्याचे आणि विश्वासाचे. रविवर्म्यांच्या छापखान्याचा धडा तो हाच.

तिसरा हिशेब हक्काचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. पण ही तरतूद लिहिली गेली तेव्हा आजचे एआय कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ती त्याला कितपत लागू पडेल, यावर वकिलांत मतभेद आहेत. अमेरिकेत २०२२ साली कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतल्या कलास्पर्धेत एआयने केलेल्या चित्राला पारितोषिक मिळाले आणि गदारोळ झाला. पुढच्या वर्षी तेथील कॉपीराइट कार्यालयाने त्या चित्राची नोंदणी नाकारली. म्हणजे आपण आज विकलेले चित्र उद्या दुसऱ्याने उचलले तर दाद मागणे अवघड आहे. दुसऱ्या बाजूला, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो. रविवर्मा १९०६ साली गेले, बाळासाहेब १९५१ साली. या दोघांची चित्रे आज सर्वांची आहेत. जिवंत चित्रकाराची शैली यंत्राकडून गिरवून घेऊन विकणे ही मात्र वेगळी गोष्ट झाली. मार्च २०२५ मध्ये घरोघरच्या छायाचित्रांना जपानच्या घिब्ली चित्रशाळेची झाक देण्याचे वेड पसरले. आपल्यापैकी अनेकांच्या कुटुंबसमूहांतही ती चित्रे फिरली असतील. ज्या हायाओ मियाझाकींनी ती शैली उभी करण्यात आयुष्य घालवले, त्यांचा विचार किती जणांच्या मनात आला? शैलीला कायद्याचे संरक्षण नसते, हे खरे. पण कायद्याने अडवले नाही म्हणून सारेच करण्याजोगे ठरत नाही, हे आपल्या घरांतून लहानपणीच शिकवले जाते.

आणि आता खरा दुखरा भाग. चित्रकलेची रील लोकांना आवडते ती हात दिसतो म्हणून. कोरा कागद, पहिली रेघ, चुकलेली रेघ, रंगाचा पहिला हात, मग हळूहळू उमलणारा चेहरा. पाहणारा त्या कष्टांना दाद देतो आणि त्यामुळेच चित्र विकत घेतो. एआयच्या चित्राला असा प्रवासच नसतो. म्हणून काही जण तो प्रवास खोटा तयार करतात. तयार चित्रावरून उलटे जात, जणू कोणी ते रेघेरेघेने काढले आहे अशी चित्रफीत बनवणारे साधन जुलै २०२४ मध्ये खुले झाले. यंत्रातून निघालेल्या गणपतीची अशी नकली चित्रफीत करायची, खाली हाताने रंगवलेला असे लिहायचे आणि पुण्या-मुंबईच्या भाविकाला तो विकायचा, हे आता कोणालाही शक्य आहे. देवाच्या चित्राखाली खोटे लिहिण्याचा हा धंदा आहे आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याचे कारण नाही. त्यातून फसतो तो केवळ गिऱ्हाईक नव्हे. जो खरोखर आठ दिवस बसून चित्र काढतो, त्याच्या चित्रफितीवरही मग कोणी विश्वास ठेवत नाही. गावोगावी फलक रंगवणारे पेंटर फ्लेक्स आल्यावर कसे बाजूला पडले, हे या सभागृहातल्या अनेकांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. त्यांच्यापैकी काहींची मुले आजही चित्रे काढतात. त्यांच्या ताटातला घास कोणत्या मार्गाने जातो आहे, हे पाहिले पाहिजे.

शासनाने याची दखल घेतली आहे. एआयने घडवलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहिले जावे, यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ते नियम अधिसूचित केले. यूट्यूबने तर खऱ्यासारख्या भासणाऱ्या कृत्रिम चित्रफितींविषयी अशी कबुली २०२४ पासूनच मागितली आहे. नियम झाले म्हणजे ते पाळले जातातच असे नाही, हे आपल्याला हेल्मेटच्या अनुभवावरून माहीत आहे.

तरीही त्या तरुणाला रस्ता मोकळा आहे. पेरणीची तारीख, बाजारभाव, सणांची माहिती अशा स्थानिक मजकुराला चित्राची जोड हवी असते. गावातल्या लहान व्यावसायिकांना वेष्टणासाठी आरेखन हवे असते. मुलांच्या गोष्टींना चित्रे हवी असतात. मोठा चित्रकार परवडत नाही अशा ठिकाणी हे यंत्र खरे काम देते आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. जास्त मोलाचे काम आणखी एक आहे. रील करण्याचे जे कसब त्याने मिळवले आहे ते शेजारच्या खऱ्या चित्रकारासाठी, मूर्तिकारासाठी, घोंगडी विणणाऱ्यासाठी वापरता येते. त्यांच्याकडे हात आहे, दाखवण्याची कला नाही. त्याच्याकडे दाखवण्याची कला आहे. दोघांनी मिळून विकले तर चित्रफितीत दिसणारी प्रत्येक रेघ खरी असेल. किर्लोस्करांच्या नांगराला 'खबर' मिळाली तशी.

ज्यांना यंत्राचीच चित्रे विकायची आहेत त्यांनी निदान चित्रफितीच्या आरंभीच, शेवटी बारीक अक्षरांत नव्हे, तीन ओळी मराठीत लिहाव्यात. हे चित्र एआयच्या साह्याने केले आहे. यातील अमुक भाग हाताने दुरुस्त केला आहे. मिळेल ती छापील प्रत, अमुक आकाराची, अमुक कागदावर, अमुक किमतीला. या तीन ओळी वाचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात काही गिऱ्हाईक पुढे सरकून जाईल, ते जाऊ द्यावे. जे थांबेल त्याला चित्र पोहोचल्यावर तक्रार करायला जागा राहणार नाही.

आणि यमाईचे चित्र करणाऱ्याने त्याआधी एकदा डोंगर चढून देवीच्या हातांत काय आहे ते पाहून यावे. संग्रहालय वाटेवरच आहे.